उशाखालचा अडकित्ता

मी एक म्हातारा अडकित्ता आहे, मित्रांनो. पितळी मुठींचा, लोखंडी पात्याचा. आता माझी धार गेली आहे, खीळ सैल झाली आहे आणि मी फळीवर धूळ खात पडून आहे. पण माझ्यासाठी हळहळू नका. ज्या दिवसांची गोष्ट सांगतो आहे, तेव्हा मी फार धारदार होतो, आणि तेच भीतीचं होतं.

माझा जन्म कारंज्याचा. प्रेमसिंग नावाच्या शेतकऱ्यानं मला बाजारातून विकत घेतलं आणि शिरपूरजवळच्या आपल्या वस्तीवर आणून बायकोच्या, नानीबाईच्या, हाती दिलं. सोयरे आले की ती मला बाहेर काढी. मी सुपारी इतकी बारीक कातरायचो की पाहुणे म्हणत, "वयनी, हा अडकित्ता हाये का वस्तारा?" मला मोठा अभिमान वाटे.

माझं आणखी एक काम होतं. घरात बाळंतपण झालं की मला बाळंतिणीच्या उशाखाली ठेवत. लोखंड जवळ असलं की भूतबाधा फिरकत नाही, असं सारे मानत. मीही मानत होतो.

मग मानमोडीची साथ आली. त्या तापात प्रेमसिंग गेला. नानीबाईची सून सोनीबाई हिची आईही गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सोनीला माहेरच उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी, ऐन कापसाच्या हंगामात, ती सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली. नवरा किसनसिंग कारंज्याला, सरकी काढायच्या कारखान्यात कामाला. सासू दिवसभर कापूस वेचायला रानात. अंधाऱ्या खोलीत सोनी, तिचं तान्हं आणि उशाखाली मी.

सोनी झोपत नसे. बाळ झोपलं तरी तिचे डोळे उघडेच. उशीतूनही तिच्या कानशिलाची धडधड मला कळायची. एका दुपारी तिनं मला फडक्यात गुंडाळून दाराबाहेर सरकवलं. मग भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाळ रडलं तरी ते हात लवकर बाहेर येईनात.

मला राग आला. मी राखण करणारा, आणि मलाच बाहेर?

संध्याकाळी नानीबाईनं मला पुन्हा उशाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोनीनं पुन्हा बाहेर काढलं. असं रोज होऊ लागलं, तशी शेजारची ललिताबाई ओसरीवर येऊन बसली.

"लोखंडाले कोन भ्याते, सांग बरं?" ती म्हणाली. "मानूस का भूत? तिची मेलेली माय आली तिच्या अंगात."

"मंग काय करू वं?" नानीबाईनं विचारलं.

"भगताकडे ने. फोकाचे चार फटके बसले का बोलतेच थे. अन् लेकरू तोवर माह्याकडे ठेव. तिच्यापाशी नको ठेवू बाप्पा."

भिंतीपलीकडं सोनीनं सारं ऐकलं. तिनं मुलीला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळून रडली.

नानीबाई मला घेऊन आत आली. मागोमाग ललिताबाई.

"धर हा हातात," नानीबाई म्हणाली. "धरला तं तू सोनी. नाही तं सकाळी गाडी जुपतो."

सोनीच्या मांडीवर बाळ होतं. तिनं हात उचलला, तो अर्ध्यावर आला आणि थांबला. माझं पातं बाळाच्या अगदी वर होतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या धारेची लाज वाटली.

"आत्याबाई," सोनी हळू म्हणाली, "पयले लेकराले घ्या."

"पाह्य," ललिताबाई म्हणाली. "लेकरू नकोसं झालं तिले."

नानीबाईनं लेकरू घेतलं नाही. ती तिथंच खाली बसली. "काहून घेऊ वं? सांग मले."

इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

"हे पातं दिसलं का डोक्यात वंगाळ येते," सोनी म्हणाली. "माह्या हातून लेकराले काही होईन असं वाटते. मले काही करायचं नाही, आत्याबाई. पन झोप नाही, डोकं ऐकत नाही. म्हनून याले बाहेर ठेवतो मी."

मग ललिताबाईनं तोंड उघडलं, तशी नानीबाई म्हणाली, "तू जाय ललिते. तुह्या घरचे भूतं वाट पाहून राह्यले असतीन."

तिनं मला कणगीत, ज्वारीच्या तळाशी खुपसलं. अंधारात मला तिचा आवाज ऐकू आला. "लेकरू तुह्यापाशीच राहीन. मीबी इथंच हावो. तू डोये मिट."

"मी येडी झाली का, आत्याबाई?"

"झोप नसली तं कोनबी होईन. मिट डोये."

सकाळी गाडी जुंपली, ती भगताकडे नाही. किसनसिंगला आणायला. राहिलेला कापूस मजुरांनी वेचला.

सोनी एका झोपेत बरी झाली नाही, मित्रांनो. ज्वारी उपसता उपसता खाली जात होती आणि मी ऐकत होतो. कधी रडणं, कधी नुसती शांतता, कधी सासू-सुनेची कुरकुर. शेवटी एक हात माझ्यापर्यंत पोचला. तो सोनीचा होता. तिनं मला पाहिलं, जराशी थांबली, मला बाजूला ठेवलं आणि सूप भरू लागली.

वस्तीनं मात्र तिला बाधेची म्हणणं सोडलं नाही. पुढं तिच्या पोरीची सोयरीक त्या एका शब्दावरून मोडली. पोर पाण्याला निघाली की बायका आपली लेकरं जवळ ओढत. ती मान खाली घालून चालायला शिकली. माझ्या पात्यानं एवढी खोल जखम कधी केली नाही.

त्यानंतर त्या घरात मला कोणी उशाखाली ठेवलं नाही. मी गंजलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला तेल लावा असं मी सांगणार नाही. घरात बाळ आलं की तुम्ही सारे त्याच्याकडे धावता. धावा. पण त्याच्या आईजवळही बसा. झोपलीस का, असं तिला विचारा, आणि ती खरं बोलेपर्यंत उठू नका.