हरवलेल्या फोनची थाप

दिंद्रुडच्या जिनिंगच्या फाटकावर मी अकरा वर्षं राखण करतो, आणि या अकरा वर्षांत मी जेवढं खरं बोललो ते सगळं बिडीच्या एका पानावर मावंल. आमच्या ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड गुरांच्या हौदावर चुन्यानं लिहिलेला होता. तोबी मीच लिहिलता. गावाला सांगितलं, या हौदावर म्हशीला फुकट सिनेमा दिसतो, ती शेरभर दूध जास्त देते. चार जणांनी म्हशी आणल्याबी.

मग हेडऑफिसातून राजनंदिनी मॅडम आल्या. माझ्या नातीएवढी पोर, पण नजर करडी. त्यांनी आधी हौद घासून घेतला, सोमवारपासून पासवर्ड बदलणार म्हणून सांगितलं, आणि फर्मान काढलं: कंपनीचे जुने फोन शनिवारी जमा करा. आतलं सगळं पुसलं जाईल, नवे मिळतील.

माझ्याकडं कंपनीचा एक फोन होता, कापसाच्या गाड्यांचे फोटो काढायला. त्यात माझी सुंदरबाई होती.

दोन सालांमागं ती लेकासुनेसंगं ऊसतोडीला गेलती, नातवंडं सांभाळायला. सुनेच्या फोनवरून मला रोज बोलून पाठवायची. "अवं, शेळीला पाणी दावलं का? का तिलाबी गोष्टच सांगत बसलाव?" तिकडं फडावरच तापानं गेली. सुनेचा फोन पाचटाच्या आगीत जळाला. उरली ती माझ्या फोनात, सदतीस वेळा बोललेली. रोज दिवस मावळताना मी ते शेळीपुढं लावायचो. तो आवाज आल्याबिगर शेळी पाण्याला तोंड लावायची न्हाई.

शनिवारी फोन बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि हात हलवत ऑफिसात गेलो.

"सटवाकाका, फोन?"

"हरवला मॅडम. म्हंजे गिळला. उमापूरच्या बाजारात एका रेड्यानं. अजून पोटात वाजतोय. मालक बिचारा शेपटी कानाला लावून हॅलो हॅलो करतोय."

शिपाई बजरंग पोट धरून हसला. "म्हाताऱ्या, कावून छळतो बे मॅडमला!"

मॅडम हसल्या न्हाईत. "फोन तुमच्याकडे नाही, हे नक्की?"

"आईच्यान न्हाई."

त्यांनी कॉम्प्युटरवर दोनचार बटनं दाबली. मला वाटलं, सुटलो. चहा आला. मी रेड्याला हाकत उमापूरहून माजलगावापर्यंत आणला, आणि तेवढ्यात बंडीच्या आत, छातीपाशी, फोन थरथरला.

सगळ्यांच्या नजरा माझ्या बंडीवर. मी फोन बाहेर काढला. पडदा पांढरा फक. आत एकच ओळ: भाषा निवडा.

"काका, हरवलेल्या फोनसाठी नियमच आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "चोराच्या हाती काही लागू नये म्हणून मी इथून पुसायला सांगते. तो नेटला लागला की स्वतःच पुसला जातो. तो तर इथल्याच वायफायला लागलेला. काय होतं त्यात?"

"आमची मालकीण."

मग सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्याला ओढणी लावली. "अहो, ते आवाज मी आधी काढून ठेवले असते. दहा मिनिटांचं काम. नुसतं खरं सांगायचं होतंत."

जेवणाचा डबा न उघडता त्या दुपारपर्यंत खटपट करत बसल्या. सुंदरबाई काही निघाली न्हाई.

नवा फोन मिळाला. माझं बोट लागल्याबिगर उघडत न्हाई. आता त्यात राखण्यासारखं काय हाय?

दिवस मावळताना शेळीपुढं पाण्याचं घमेलं ठेवलं. आख्ख्या गावाला फसवणारा मी. म्हटलं, एका शेळीची काय कथा. गळा बारीक केला, तिच्यासारखा हेल काढला. "अवं, शेळीला पाणी दावलं का?"

शेळीनं कान टवकारले. माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. बंडीच्या खिशाकडं बघत राहिली, आणि घमेल्यातलं पाणी तसंच राहिलं.