सुसाफोनवाला अनंता

"त्यात काय हाय, शेठ?" अनंतानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि फखरुद्दीनशेठनी कोपऱ्यातल्या त्या वस्तूवरची चादर तिसऱ्यांदा सारखी केली.

"कुछ नहीं रे. तू पॉलिश कर."

निजामपुऱ्यातल्या या बँडच्या दुकानात अनंता सव्वीस वर्षं दिघाशी गावाहून वाजवायला येत होता. सुसाफोन त्याचा. त्या पितळी नळ्याच्या वेटोळ्यात शिरायचं, डाव्या खांद्यावर वजन घ्यायचं आणि डोक्यावरचं परातीएवढं तोंड पुढं रोखून वरातीत चालायचं. गल्लीत लोंबती तार आली की बँडवाले ओरडायचे, "तार, अनंता!" आणि तो सूर न सोडता गुडघ्यात वाकायचा. हल्ली गुडघे कुरकुरत होते, पण ते त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

आणि आता ही चादर. परवा तर शेठनी ट्रम्पेटवाल्या नामाला सुसाफोन अंगात चढवायला लावला. नुसतं माप बघतो, म्हणे! माप काय शेरवानीचं होतं? आपला पत्ता कट, अनंतानं ओळखलं.

शेठ चहाला जाताच त्यानं चादर ओढली. ट्यूबा! तसाच लांबलचक गुंडाळलेला पितळी नळा, पण हा मांडीवर घेऊन बसायचं, तोंड आढ्याकडे. खोट काढायचीच म्हणून त्यानं फुंकला. सुसाफोनचा आवाज समोरच्याच्या छातीवर आदळायचा; हा वर गेला आणि छताखाली गोल, मऊ पसरला. खोट सापडेना, म्हणून त्याला आणखीच राग आला.

शेठ दारात उभे होते.

"नामा चालनार, मी घरी बसनार. सरळ सांगा ना!"

"घरी कशाला? लग्नाच्या हॉलमध्ये बसून वाजव, स्टेजवर. धामणकर नाक्यावर वाकलास तेव्हा उठताना नामाचा खांदा धरलास. मी बघितलं, अनंता. हा तुझ्यासाठीच आणलाय. बोलायची हिंमत होत नव्हती."

अनंताला शरम वाटली. आणि रडूही आलं.

रविवारी तो हॉलमध्ये खुर्चीवर बसून होता. बाहेर वरात आली. "तार, नामा!" कुणीतरी ओरडलं. त्यानं ट्यूबा जवळ ओढला. मग वाजवला, छान वाजवला.

सगळं आटोपल्यावर ट्यूबा पोटाशी धरून तो निघाला. हॉलचा दरवाजा चांगला दहा फूट उंच होता. तरी उंबऱ्याशी येताच अनंता गुडघ्यात वाकला.