कफाची बटणं

माझी बायको त्यांना ‘कफाची बटणं’ म्हणते. ती बटणं नव्हेत, कफलिंक, असं मी लग्नानंतर एकदा सांगून पाहिलं होतं. मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला शब्द सुधारायची खोड असते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढेही बटणंच म्हणत राहिली. आता मीसुद्धा बटणंच म्हणतो.

ती तिच्या वडिलांची. दोन्ही टोकांना निळ्या मिन्याची लंबगोल चकती आणि मधे बारीक साखळी. कफ दुमडला की भोकं चार होतात. त्या चारही भोकांतून एक चकती तिरकी करून ओढून घ्यायची, आणि तेही एका हातानं. मला ते कधीच साधलं नाही, म्हणून ते काम पहिल्यापासून तिचं. ही बटणं लागतात तो सदरा मी फारसा घालत नाही. चार लोकांसमोर उभं राहायची वेळ आली तरच. अशा दिवशी मला सकाळपासून धास्ती असते. इंजेक्शन घ्यायला आलेल्या पोरासारखा मी हात पुढे करून उभा राहायचो, ती मान खाली घालून साखळी ओवायची, आणि हळूहळू माझा जीव थाऱ्यावर यायचा. भांडण झालेलं असलं तरी तेवढा वेळ तिला जवळ उभं राहावंच लागे. हे तिला सांगावं असं पुष्कळदा वाटलं, पण कसं सांगायचं ते सुचलं नाही.

अलीकडे तिची बोटं आखडू लागली आहेत. विणकामाची टोपली कपाटावर गेली, ती परत खाली आली नाही. घट्ट झाकणाची बरणी ती ओट्यावर ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. मी झाकण सैल करून ठेवतो. ती परत येऊन उघडते. यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही.

अशात वाचनालयाचे चिटणीस घरी आले. वाचनालयाची नवी खोली उघडायची होती, तिथं मी दोन शब्द बोलावेत म्हणत होते. मी नाही म्हणालो, पण इतक्या बारीक आवाजात की त्यांनी तो होकार समजून माझे आभार मानले. ते गेल्यावर बायको म्हणाली, सदरा इस्त्रीला टाकते आणि बटणं काढून ठेवते.

मला धास्ती पडली, पण ती भाषणाची नव्हती. झाकण सैल करून ठेवता येतं. साखळीचं काय करणार? माझ्या मनगटाशी तिची बोटं हरली, तर ती काही बोलणार नाही. टोपलीसारखं आणखी एक काम तेवढं कपाटावर जाईल.

नव्या तऱ्हेची बटणं एकट्यानं लावता येतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तिला न सांगता दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं, ‘काका, कुणासाठी?’ असं विचारलं. माझ्यासाठी, हे मी चोरी कबूल केल्यासारखं सांगितलं. तिनं पुढ्यात खणच्या खण मांडले. रेशमी गाठींची होती, लोहचुंबकाची होती, मोटारीच्या चाकासारखी होती. एका जोडीत तर चालू होकायंत्र होतं. मनगटात होकायंत्र ठेवून मी वाचनालयाच्या खोलीत कुठं हरवणार होतो? शेवटी चांदीच्या रंगाची साधी गोल जोडी निवडली. एका बाजूला चकती, दुसऱ्या बाजूला छोटी दांडी. दांडी सरळ धरली की भोकांतून जाते, आडवी केली की बसते.

दुसऱ्या दिवशी बायको मैत्रिणीकडे गेली तेव्हा मी तसल्याच कफांचा जुना सदरा काढून सराव केला. डावं बटण पहिल्याच झटक्यात बसलं. मला इतका आनंद झाला की ते काढावंसंच वाटेना. मग काढायला गेलो, तर भोकाचा सुटा दोरा दांडीत गुरफटलेला. दांडी सरळ होईना, कफ मनगटावर करकचून बसलेला. कात्री लावावी, तर सदरा तिनं शिवलेला. सुचेना, म्हणून लेकीला निरोप टाकला. ती दुसऱ्या गावी असते आणि तिचा नवरा असली बटणं वापरतो. मी लिहिलं: ‘कफ अडकला आहे. काही केल्या सुटत नाही. आईला सांगू नकोस.’

तीन वाक्यं, व्याकरणाची चूक एकाही वाक्यात नाही.

लेकीनं अर्थातच पहिला फोन आईला केला. बायको जिना चढून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि वाफाऱ्याला पाणी ठेवून मगच माझ्यापाशी आली. मी हात पाठीमागे धरून उभा होतो. छातीत दुखतंय का, विचारलं. नाही म्हटलं. जीभ दाखवा म्हणाली, मी दाखवली. मग तिला माझा हात दिसला.

ती खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. लेकीला फोन करून म्हणाली, ‘काही नाही गं, तुझ्या बाबांचा कफ छातीत नाही, सदऱ्याला आहे.’ तिकडून जावयाचंही हसणं ऐकू आलं. मग तिनं सुईच्या टोकानं दोरा सोडवायला घेतला. सुई दोनदा हातातून निसटली, पण सोडवला. तेवढ्यात तिला टेबलावरची नवी डबी दिसली.

‘तुमची तुम्हाला लावता यावीत म्हणून?’ तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तिनं डबीचं झाकण लावलं आणि पाणी उतरवायला गेली. रात्री निजेपर्यंत ती नेहमीसारखीच बोलत होती, त्याच काळजीनं मला झोप लागली नाही. आपण शहाणपणा केला की तिचं काम तिच्या हातून काढून घेतलं, हे मला अजूनही नीट ठरवता येत नाही.

समारंभाच्या दिवशी तिनं पलंगावर दोन्ही जोड्या मांडल्या आणि जुनी उचलली. मी हात पुढे केला. चकती दोन भोकांतून गेली, तिसऱ्याशी थांबली. तिनं पुन्हा सुरुवात केली. बटण निसटून पलंगाखाली गेलं, ते मी वाकून काढलं. तिसऱ्या खेपेला तिची बोटं वळेनात आणि तिनं हात खाली घेतले. बोलायला हवं होतं, पण मनात आलेलं प्रत्येक वाक्य मीच खोडत होतो.

ती जायला वळली नाही. तिनं नवी डबी उघडली, एक बटण हातात घेऊन दांडी अंगठ्यानं आडवी केली, सरळ केली, पुन्हा आडवी केली.

‘याला चिमूट लागत नाही,’ ती म्हणाली. ‘अंगठ्यावर भागतं. आणा इकडे हात.’

‘अगं, ती मी...’

‘तुम्ही परवा काय दिवे लावलेत ते पाहिलंय मी.’

डावं बटण बसलं. तिनं माझा हात उलटा करून पाहिला, कफाची कड सारखी केली. मग जुनी जोडी कापसात ठेवत म्हणाली, ‘ही लेकीकडे देऊ. हल्ली दोघं फार भांडतात म्हणे. जावयाला रोज घालायला सांगू, आणि लावून द्यायला तिला.’

उजवं बटण तिनं लावलं, आणि लगेच काढलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, हाताला सवय व्हायला हवी. खाली चिटणिसांची गाडी येऊन थांबली होती आणि ते हॉर्न वाजवत होते. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मी हात तसाच पुढे धरून ठेवला.