हिरामण मास्तरांच्या खिशातली पत्ती

मित्रांनो, मी एक जुना पितळी सॅक्सोफोन आहे. अंगावर पोचे आहेत, मुलामा कधीच उडाला आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरणारा आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गरीब तोंड करून सांगायची असते. मला ते जमणार नाही.

देवळालीच्या लष्करी छावणीतल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांनी मला हिरामण मास्तरांच्या हाती दिलं, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्या बँडमास्तरांनीच मास्तरांना जॅझ शिकवलं. ठरलेली चाल धरायची, मग ती सोडून मनाला येईल तिकडे हिंडायचं, पण वेळेवर घरी परत यायचं. पोटासाठी आम्ही पंचवटीच्या बँडमध्ये वराती वाजवल्या. नवरदेव उतरला की परतीच्या वाटेवर मास्तर जॅझ वाजवत. तेव्हा ऐकायला फक्त घोडा असे.

माझ्या तोंडाशी बोरूची एक पातळ पत्ती बांधतात. तिच्याशिवाय मी मुका. ती थुंकीने भिजते, एकाच माणसाच्या ओठांना सरावते. म्हणून बँडवाले वाद्य उसनं देतील, पत्ती कधी देणार नाहीत. हे लक्षात ठेवा.

मास्तर बहात्तर वर्षांचे झाले, तेव्हा आल्हाद नावाच्या एका तरुणाने गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षबागेत त्यांची मैफल ठेवली. "काका, तुमचा लाइव्ह अल्बम काढतो," म्हणाला. त्या दिवशी मास्तरांनी जे वाजवलं, ते माझ्या पोटात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी फुलाबाई पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत होत्या.

अल्बम आला. नातीने, आरोहीने, मोबाइलवर कव्हर दाखवलं. मैफलीनंतर काढलेल्या फोटोत मला छातीशी धरून आल्हाद उभा, वर ठळक अक्षरांत त्याचंच नाव. मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. दोन दिवस मास्तर धड जेवले नाहीत. मला पुसायचंही विसरले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

तिसऱ्या दिवशी तोच आल्हाद दारात हजर.

"काका, रविवारी सकाळी अल्बमच्या प्रकाशनाचा कार्यक्रम आहे. कव्हरवरचाच सॅक्सोफोन हातात हवा. वाजवायचं नाहीये, मागे रेकॉर्डिंग लावणार."

"आन् माझं नाव?"

"पुढच्या अल्बमला नक्की, काका."

"बरं. घेऊन जा."

तो मला घेऊन पायऱ्या उतरत होता, तेव्हा आतून फुलाबाई कडाडल्या, "त्या मेल्याला दिला कशाला?"

"वाद्य दिलं," मास्तर शांतपणे म्हणाले. "पत्ती माझ्या खिशात हाय."

पेटीत पडल्या पडल्या मी खूश झालो.

रविवारी हॉल भरला होता. मास्तर आणि फुलाबाईही प्रेक्षकांत येऊन बसले होते. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि आल्हाद गाल फुगवून माझ्यावर बोटं नाचवू लागला. इतक्यात फुलाबाई उभ्या राहिल्या.

"ओ, ती रेकॉर्ड बंद करा की! एवढे मोठे कलाकार समोर हायेत, त्यांनाच वाजवू द्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेकॉर्डिंग थांबलं. आल्हादने फुंकलं. नुसती हवा आली, फूऽऽ. पुन्हा फुंकलं, लालबुंद होईपर्यंत. लोक हसायला लागले. मला त्याची दया आली का? कणभरही नाही.

मास्तर सावकाश स्टेजवर चढले. खिशातून पत्ती काढून त्यांनी सगळ्यांना दाखवली.

"काका, प्लीज, लावा ना," आल्हाद कुजबुजला.

"आधी माइकवर सांग, अल्बममध्ये कोण वाजवतंय."

"हे... हे हिरामण..." तो अडखळला. आडनाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"हिरामण पुंजा गांगुर्डे!" फुलाबाईंनी खालून सांगितलं. त्याला ते माइकवर जसंच्या तसं म्हणावं लागलं.

हॉल ओरडू लागला, "मास्तर, वाजवा!" मास्तरांनी पत्ती परत खिशात घातली, मला पेटीत ठेवलं आणि आल्हादकडे वळले.

"लाव आता रेकॉर्ड. तिच्यात मीच वाजवतोय."

आम्ही दाराकडे निघालो. मागे आमचाच आवाज घुमत होता आणि लोक उभे राहिले होते.

मित्रांनो, वाद्यांना जपा. वाजवून झालं की कोरडं पुसा, पेटीत नीट ठेवा. आणि वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव आधी विचारून घ्या. आता नव्या कव्हरवर मास्तरांचं नाव आहे, आल्हाद दोनदा पाया पडून गेला आहे. मास्तर त्याला माफ करतील कदाचित. मी करणार नाही.