गालाचं काय मध्येच?

साहेब, भरल्या मीटिंगमध्ये तुम्ही मला नाटकी म्हणालात. माझा आवाज पार गेला होता म्हणून तुमचं निभावलं. आता लिहितेय, वाचा.

आपल्या तक्रार केंद्रात प्रत्येक टेबलावर आरसा असतो. फोन घेताना त्यात बघून हसायचं, म्हणजे हसू ग्राहकाला ऐकू जातं, हा तुमचाच शोध. कुणाचा फ्रिज जळालेला असो, आम्ही बत्तीशी दाखवायची. बरं, दाखवली.

त्या सकाळी माझ्या घशात पू झाला होता. थुंकी गिळली की कळ कानात, तिथून जबड्यात, गालाच्या हाडात. ओठ फाकवले की अर्धा चेहरा पकडीने पिरगळल्यासारखा. रजा मागायला तुमच्या केबिनमध्ये आले; घसा दुखतोय, हसलं की गालही दुखतो, म्हणाले.

"घसा दुखतोय ना? मग गालाचं काय मध्येच?"

"घशामुळेच दुखतोय, साहेब. डॉक्टर म्हणाले—"

"बाई, एक काय ते ठरवा. उद्या गुडघाही घशामुळेच दुखेल!"

आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळलात. घसा, कान, जबडा शेजारीशेजारी असतात, हे कळायला डॉक्टर कशाला व्हायला हवं? खांद्यावर डोकं असलं तरी भागतं. "जा, हसा," म्हणालात. नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून मुकाट गेले.

पहिलाच फोन एका आजींचा. वॉशिंग मशीन बंद. माझा "नमस्कार" बेडकाने म्हटल्यासारखा निघाला. आरशात बघून हसले, तर डोळ्यांतून पाणीच आलं.

"अगं पोरी, रडतेस की काय?"

"नाही आजी, गाल दुखतोय."

"आवाजावरून कळतंय, घसा सुजलाय तुझा. मशीन गेलं खड्ड्यात, तू आधी घरी जा. कोण मेला बसवतो गं तुम्हाला असं?"

आणि त्यांनी फोन ठेवला.

मीटिंगमध्ये तुम्ही रेकॉर्ड झालेला हाच कॉल लावलात. माझा बेडूक ऐकवलात, सगळे हसले, आणि आजी बोलायच्या आत बटण दाबून तो बंद केलात. "बघा, न हसता बोललं की ग्राहक पळतो." मला काढलंत, त्याचं कारणही हेच.

आजी पळाल्या होत्या का हो? टेबलापलीकडे बसून तुम्हाला न दिसलेलं दुखणं त्या बाईने फोनवरून ओळखलं.

माझी नोकरी त्या अर्ध्या कॉलवर गेलीय. उद्या सगळ्यांना बोलवा आणि तो शेवटपर्यंत लावा, "कोण मेला" सकट. लावणार की नाही? उत्तर पाहिजे, तेही तुमच्या सहीचं.