बुडबुडा मधोमध

"हे बघ, बुडबुडा कसा अगदी मधोमध आहे," भाऊजी म्हणाले आणि बाथरूमच्या नव्याकोऱ्या फरशीवर ठेवलेल्या लेव्हलपट्टीकडे त्यांनी कौतुकाने बोट दाखवलं.

मी पाहिलं. पट्टी आडवी ठेवून पाहिली, उभी ठेवून पाहिली, तिरकी ठेवून पाहिली. नळीतला तो हिरवा बुडबुडा दोन रेघांच्या मधून तसूभरही हलायला तयार नव्हता. अडतीस वर्षं मी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, पण इतकी सपाट फरशी माझ्या हातून एकदाही झाली नसेल.

"भाऊजी, बादलीभर पाणी आणा."

"आत्ता? काल दुपारी तर बसवलीय. सिमेंट ओलं आहे अजून."

"मग मगभर आणा. पण आणा."

त्यांनी मग आणला आणि मी तो दाराशी उभा राहून हळूच ओतला. कोपऱ्यातल्या जाळीकडे जायचं सोडून पाणी चारी बाजूंना सारखं पसरलं, थोडं थांबलं आणि निवांतपणे दाराबाहेर बेडरूममध्ये निघालं. जुना उंबरा भाऊजींनी आठवड्यापूर्वीच फोडून काढला होता, त्यामुळे त्याला अडवायलाही कोणी नव्हतं.

"जाळीकडे ढाळ कुठाय?" मी विचारलं.

"कसला ढाळ?"

मी कपाळाला हात लावला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानात जाऊन तराजूचा काटा मधोमध येतो की नाही, हे तपासण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. काटा केसभर कलला तरी समोरच्याला घाम फोडायचे. अशा माणसाच्या हातात लेव्हलपट्टी दिली, तर तो काय करणार? त्याने जमिनीला तराजू समजून टाकलं.

तरी मी सांगितलं होतं, कारागीर बघून देतो. माझ्या हाताखाली तयार झालेले चांगले चौघं आहेत. पण नाही. "मी स्वतः करणार" हे एकच पालुपद. मी का करत नव्हतो, तर माझे गुडघे गेले. आयुष्यभर जमिनीवर रांगायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? आता मी बांधकामाच्या सामानाच्या दुकानात उंच स्टुलावर बसतो. मालकाने माझ्या डोक्यावर 'घर स्वतः दुरुस्त करणाऱ्यांना मोफत सल्ला' अशी पाटी लावली आहे, आणि त्या पाटीपायी माझ्या नाकी नऊ आले आहेत. एक बाई ओल आलेल्या भिंतीवर कोणता रंग मारू म्हणून विचारतात. मी म्हणतो, आधी पाईप कुठे गळतोय ते शोधा. त्या म्हणतात, ते नंतर बघू, पाहुणे शुक्रवारी येतायत. एक गृहस्थ भिंत पाडून झाल्यावर विचारायला आले, की ही पाडली तर चालेल का. सगळ्यांना सल्ला हवा असतो, फक्त तो त्यांनी आधीच करून ठेवलेल्या कामाला साजेसा हवा असतो.

भाऊजी त्या सगळ्यांचे बाप निघाले. रोज चार फोन. सिमेंटला वाळू किती, टाइल भिजवायच्या का, किती वेळ भिजवायच्या. मी म्हटलं, दहाला एक जास्तीची घ्या, फुटतात. त्यांनी मापं काढली, गुणाकार केला आणि मोजून पस्तीस आणल्या. एवढे प्रश्न विचारले, पण ढाळाचं चुकूनही विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. बाथरूमला ढाळ द्यायचा असतो हे माणसाला सांगावं लागेल, असं मला वाटलंच नाही.

त्या दिवशी बुधवार होता. ताई रविवारी इस्पितळातून घरी येणार होती. दीड महिन्यापूर्वी याच बाथरूमच्या चार इंची उंबऱ्याला तिचा पाय अडखळला, ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून चालायला लागली होती, पण वॉकर काही उंबरा चढत नाही. मागच्या भेटीला भाऊजी औषधं आणायला खाली गेले, तेव्हा तिने मला कॉटजवळ बोलावलं.

"दीड महिना झाला रे, कोणीतरी येऊन मला पुसून जातं," ती म्हणाली. "चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण ओटा पुसावा तसं पुसतात. मला बाकी काही नको. दार लावून, एकटीने आंघोळ करायचीय."

आणि इथे मी बेडरूममध्ये शिरलेल्या पाण्यात उभा होतो.

"सगळं उखडा," मी म्हणालो. "आजच. उद्या ते दगड होईल."

भाऊजींचा चेहरा उतरला. "पस्तीसच्या पस्तीस?"

"मग काय, निम्मं पाणी जायला हवंय का तुम्हाला?"

"एवढी सुंदर बसलीय..."

"सुंदर बसलीय म्हणूनच उखडायची. अहो, एवढे तिन्ही त्रिकाळ मला फोन करत होता, एकदा तरी विचारायचं ना, पाणी जाणार कुठून?"

ते आत गेले. आतून छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि खाली बसले. अडुसष्टाव्या वर्षी मांडी घालून बसता येतं त्यांना, याचाही मला त्या क्षणी राग आला. मी दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तोंड चालवत राहिलो. छिन्नी तिरकी धरा. कडेने शिरा. अहो, ती टाइल आहे, नारळ नाही. पहिली टाइल फुटली, दुसरी फुटली, तिसरी अख्खी निघाली. ती त्यांनी पुसली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली.

सहाव्या की सातव्या टाइलला माझ्याच्याने राहवलं नाही. "मला एक सांगा, पाण्याला उतार लागतो हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," भाऊजी म्हणाले. हातोडा थांबला होता. "पण जुनी फरशी काढायच्या आधी मी लेव्हल लावून बघितली होती, चार ठिकाणी. तिलाही उतार नव्हता. मला वाटलं, मिस्त्रीच्या हातची आहे, काहीतरी विचार करूनच बसवली असेल. म्हणून तशीच केली."

मिस्त्री म्हणजे मी. ती जुनी फरशी मी बसवली होती, बावीस वर्षांपूर्वी.

मला सगळं आठवलं. तेव्हा माझ्याकडे एका मोठ्या इमारतीचं काम चालू होतं आणि बहिणीचं बाथरूम मी एका रविवारी उरकलं होतं. ढाळ धरायला वेळ लागतो. दोरी बांधा, एकेक टाइल खालीवर करा, मापं घ्या. त्यापेक्षा फरशी सरळ बसवायची आणि दाराशी चार इंचांचा उंबरा उठवायचा. पाणी बाहेर येत नाही, घरधनी खूश आणि कारागीर संध्याकाळी घरी. आमच्या धंद्यातली ही जुनी पळवाट आहे. परक्याच्या घरी मी ती कधी वापरली नाही. परका माणूस तक्रार करतो.

"ती किती वर्षं म्हणत होती, उंबरा काढून टाकू या," भाऊजी खाली मान घालून म्हणाले. "पाय अडखळतो म्हणायची. मीच म्हणायचो, तुझ्या भावाने बांधलाय, उगाच नाही बांधला. काढायला तयार झालो नाही. म्हणून हे मला माझ्या हाताने करायचं होतं."

दाराच्या मागे खुंटीला वायपर लटकत होता. बावीस वर्षं मी त्या घरी जातो आणि बावीस वर्षं तो तिथे आहे. आंघोळ झाली की ताई सगळं पाणी त्याने जाळीकडे लोटायची, रोज, न चुकता. मला वाटायचं, टापटिपीची हौस आहे तिला. मला एका शब्दाने तिने कधी सांगितलं नाही.

"भाऊजी, उंबरा उगाचच बांधला होता," मी म्हणालो. "ढाळ द्यायचा कंटाळा केला होता मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण हातचलाखी करणारे दुकानदार आयुष्यभर बघितलेला तो माणूस नुसता "अच्छा" म्हणाला आणि पुढच्या टाइलला त्याने छिन्नी लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळपर्यंत तीस टाइल शाबूत निघाल्या, पाच फुटल्या. तशाच पाच आमच्या दुकानात मिळाल्या, पण त्या दुसऱ्या वेळच्या मालातल्या होत्या, रंगाने थोड्या काळपट. भाऊजींना ते बघवेना. "स्टूल ठेवायच्या कोपऱ्यात लावा," मी म्हटलं, "आणि पुढच्या जन्मी दहाला एक जास्तीची घ्या."

गुरुवारी सकाळी आम्ही पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दोन टाइल बसवल्यावर भाऊजींनी लेव्हलपट्टी ठेवली आणि थांबले. मी हातानेच खूण केली, जाळीकडची बाजू दाबा. त्यांनी दाबली. बुडबुडा दाराकडे सरकला, तसा त्यांचा हात आपोआप वर आला आणि टाइल पुन्हा सरळ झाली. पुन्हा दाबली, पुन्हा सरळ. चौथ्या वेळी माझा आवाज चढला.

"मला नाही बघवत रे ते," ते म्हणाले. बिचारे खरोखरच हतबल झाले होते.

मग मी फुटक्या टाइलचा एक तुकडा उचलला आणि त्यांच्या पट्टीच्या जाळीकडच्या टोकाला खालून चिकटपट्टीने घट्ट बांधला. अडीच फुटांची पट्टी, बोटभराहून थोडा कमी जाडीचा तुकडा.

"तुकड्याची बाजू कायम जाळीकडे. आता आणा बुडबुडा मधोमध," मी म्हणालो. "जेव्हा येईल, तेव्हा ढाळ बरोबर असेल."

त्यांनी पट्टी ठेवली, टाइल दाबली, बुडबुडा मधोमध आला. ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. दुपारपर्यंत ते ओळीने टाइल लावत गेले, आणि मी स्टुलावर बसून बघत होतो. दुकानात रोज मी जगाला अक्कल शिकवतो, पण ही युक्ती मी बावीस वर्षांपूर्वीही वापरू शकलो असतो, एवढंच डोक्यात घोळत होतं. शेवटची टाइल जाळीजवळची होती. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. मी भिंतीला धरून खाली बसलो, लावली आणि मग मला उठवायला त्यांना दोन्ही हात द्यावे लागले.

रविवारी ताई आली. सोमवारी सकाळी ती वॉकर टेकत टेकत बाथरूमपर्यंत गेली. दाराशी सवयीने तिचा पाय वर उचलला गेला, मग तिने खाली बघितलं आणि सरळ आत पाऊल टाकलं.

"कोपऱ्यातल्या पाच टाइल काळपट आहेत," भाऊजी घाईघाईने म्हणाले.

"दिसल्या. आता जा की दोघं तिकडे. काय पहारा करताय?"

दार लागलं. कडी लावायची नाही असं ठरलं होतं. कडी लागल्याचा आवाज आला. भाऊजी उठायला लागले, मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. कडी बाहेरूनही उघडता येणारी होती, तेवढं मी आधीच बघून ठेवलं होतं.

आम्ही कुठेही गेलो नाही. पलंगाच्या कडेला बसून दोघंही दाराखालच्या फटीकडे बघत होतो. आत पाणी पडत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा पडत होतं. बाहेरची फरशी कोरडी होती. भाऊजींच्या बोटांची टोकं सिमेंटने सोलवटली होती आणि ते ती एकमेकांवर घासत होते.

मग पाणी बंद झालं.

"अहो," आतून ताईचा आवाज आला, "वायपर कुठे ठेवलाय? खुंटीवर नाही."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"आता नाही लागणार तो," भाऊजी म्हणाले. "आपोआप जाईल पाणी."

थोड्या वेळाने मगभर पाणी ओतल्याचा आणि ते जाळीत उतरल्याचा आवाज आला. मग थांबून आणखी एक मग. मग आणखी एक. आंघोळ तर तिची केव्हाच झाली होती. आम्ही तिला घाई केली नाही.