विमला सिस्टरचे तसराळे

मित्रांनो, मी एक जुने तसराळे आहे. पांढरे, पसरट, निळ्या काठाचे, एनॅमलचे. तळाशी टवका उडाला आहे, पण गळत मात्र नाही, हे आधीच सांगते.

कारखान्यातल्या भट्टीची धग सोडली तर जन्माचे मला काही आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते मंडणगडला, विमला नावाच्या तरुण नर्सने मला बाजारातून आणले तेव्हा. जखम धुताना खाली धरायला त्यांना स्वतःचे भांडे हवे होते. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या मला घासून, उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवत. "हेही प्रभूचंच काम," असे म्हणत. निवृत्त होऊन त्या रत्नागिरीजवळच्या आपल्या घरी आल्या, तरी काम सुटले नाही. वाडीत कुणाला कोयती लागो, कुणाच्या टाचेत काटा मोडो, सिस्टर मला घेऊन निघत. या हातांत आपण पडलो याचे मला फार समाधान होते.

एका दारी मात्र आम्ही जात नव्हतो. शेजारच्या आप्पांच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांनी दोन घरांमधला दगडी गडगा दोन हात अलीकडे सरकवला आणि सिस्टरच्या दिवंगत नवऱ्याने लावलेला फणस तोडून टाकला. तेव्हापासून बोलणे बंद.

एका शुक्रवारी आप्पांच्या बायको मथुराबाई धावत आल्या. "सिस्टर, यांच्या पायाला जखम झालीय. साखरेचा आजार, त्यात बोट काळं पडत चाललंय. दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. तुम्ही एकदा बघून जा."

सिस्टरनी मला उचलले होते, ते परत खाली ठेवले. "मला वेळ नाही," त्या म्हणाल्या. मथुराबाई गेल्यावर त्यांनी मला भिंतीशी पालथे घातले. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

शनिवार तसाच गेला. रविवारी त्या पांढरी साडी नेसून चर्चला गेल्या आणि उपासना संपायच्या आधीच परत आल्या. आल्या तशा मला घेऊन आप्पांच्या पडवीत शिरल्या.

आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवले. "कशाला आलात?"

"आज प्रभुभोजन होतं. मनात वैर ठेवून भाकर घ्यायला हात पुढे करवेना," सिस्टर म्हणाल्या. "सगळं मन देवाला दिलं म्हणते मी, आणि त्यातली एक खोली तुमच्यासाठी कुलूप लावून ठेवलेली. पाय इकडे ठेवा."

"तुमचा फणस मी तोडला, सिस्टर."

"माहीत आहे. पाच वर्षं त्या खुंटाकडे बघून तुम्हाला मनात शिव्या देतेय मी. ठेवा पाय."

आप्पांनी हळूच पाय माझ्यावर धरला. सिस्टर सलाईन ओतत होत्या, मी झेलत होते. अचानक त्यांचे हात थांबले. "हे आता माझ्या हातचं राहिलं नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला."

"पाय कापतील ते." आप्पांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"मी उशाशी बसते तुमच्या. उठा."

एक बोट काढावे लागले. पाय वाचला. दोन दिवस आधी आणले असते तर कदाचित बोटही राहिले असते, असे डॉक्टर म्हणाले. आप्पा घरी आल्यावर सिस्टरनी ते स्वतःच त्यांना सांगितले. "ते दोन दिवस मी घरात बसून होते, आप्पा. मला क्षमा करा."

आप्पांनी बँडेजवरून हात फिरवला. "फणस परत येत नाही, बोटही येत नाही," ते म्हणाले. "पाय आहे ना. उद्या किती वाजता येताय?"

सहा आठवडे आम्ही रोज जात होतो. जखम भरली. गडगा अजून तिथेच आहे. त्याचा विषय निघाला की सिस्टरच बोलणे दुसरीकडे नेतात.

नाताळला सिस्टरची मुलगी नम्रता आली. तिने प्लॅस्टिकचा नवा टब आणला आणि मला न्हाणीमागच्या भंगारात ठेवले. तिचे चुकले असे नाही; टवका तिला दिसत होता. वाईट वाटले, पण दोनच दिवस. मथुराबाई करंज्या द्यायला आल्या, त्यांनी मला पाहिले आणि पदराने पुसत आत नेले. रोज उकिडवे बसून सिस्टरचे पाय सुजले होते. मथुराबाईंनी माझ्यात गरम मिठाचे पाणी ओतले आणि त्या सिस्टरपुढे खाली बसल्या.

सिस्टरनी पाय मागे ओढले. "अगं, मला कशाला? मला सवय नाही."

"मग लावून घ्या," मथुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी सिस्टरची पावले माझ्यात सोडली.

या वेळी सिस्टरनी पाय मागे घेतले नाहीत. माझ्या पाण्यात वरून दोन थेंब पडले, ते मी इतर पाण्यात मिसळू दिले.

मित्रांनो, घरातले जुने भांडे गळत नसेल तर टाकू नका. कुणी मदतीला हाक मारली तर त्याच दिवशी जा. आणि कधी कुणी तुमच्यासाठी असे खाली बसले, तर लाजून पाय मागे घेऊ नका.